क्लच प्लेटा जळाल्या, पण कशाने?

या वेळी मोटरसायकलच्या क्लचबद्दलची वाचकांची पत्रं एकत्र घेतली आहेत. पुण्यात सिंहगड रस्ता असो की हिंजवडीची रांग, डावा हात सारखा लिव्हरवरच असतो. त्यामुळे क्लचची तक्रार आली की दोष चालवणाऱ्याच्या हातावर ढकलणं सोपं जातं. तो दोष खरोखर हाताचा आहे की गाडीचा, हे तपासून ठरवता येतं.

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी 160 सीसीची नवी मोटरसायकल घेतली. 4,200 किलोमीटर झाले. रोज वारजे ते हिंजवडी जाणं-येणं. चांदणी चौकाच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये रेस वाढते, आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "प्लेटा संपल्या. तुम्ही हाफ क्लचवर चालवता. प्लेटा वॉरंटीत येत नाहीत, 2,900 रुपये होतील." गाडी उघडून पाहिलेलीच नाही. पैसे भरावेत का? (वारजे)

उत्तर : लगेच भरू नका. इंजिनाचं झाकण उघडल्याशिवाय प्लेटा संपल्या हे कुणालाच सांगता येत नाही. क्लच घसरतोय, म्हणजे प्लेटा एकमेकींना घट्ट धरत नाहीत, एवढंच बाहेरून कळतं. घसरण्याची मुख्य कारणं चार: लिव्हरला प्ले (ताण लागण्याआधीचा सैलपणा) नसणं, चुकीचं ऑइल, स्प्रिंगा बसलेल्या असणं आणि प्लेटा झिजलेल्या किंवा जळलेल्या असणं. पहिली दोन झाकण न उघडता तपासता येतात, आणि त्यातलं पहिलं तर घरच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटांत.

सकाळी इंजिन थंड असताना क्लच लिव्हर एका बोटाने अलगद ओढा. आधी ती सैल येते, मग ताण लागतो. लिव्हरच्या टोकाशी हा सैल भाग पट्टीने मोजा. बहुतेक 100 ते 200 सीसीच्या गाड्यांना तो 10 ते 20 मिलिमीटर ठेवायला सांगितलेला असतो. काही कंपन्या तो लिव्हरच्या मुळाशी, खोबणीजवळच्या फटीत मोजायला सांगतात, आणि तिथे तो 2 ते 3 मिलिमीटर भरतो. तुमच्या मॅन्युअलात कुठला आकडा आहे तो बघून घ्या. ओढताक्षणी ताण लागत असेल, तर केबल कायम खेचलेली आहे. तुम्ही लिव्हरला हातही न लावता प्लेटा अर्धवट सुटलेल्या राहतात.

गोंधळ होतो तो पुढच्या मुद्द्यावर. केबल ताणली गेली तर प्ले वाढतो. प्लेटा झिजल्या तर प्ले घटतो, कारण लायनिंग (प्लेटेवरचा घर्षणाचा थर) पातळ झालं की प्रेशर प्लेट, म्हणजे प्लेटांना दाबून धरणारी चकती, तेवढी सरकते आणि क्लच सोडवणारी दांडी मागे रेटते. म्हणून नव्या गाडीचा प्ले पहिल्याच सर्व्हिसला तपासायचा असतो, मॅन्युअलच्या तक्त्यात ते काम लिहिलेलं असतं. ते राहून गेलं तर प्ले हळूहळू संपतो, प्लेटा घसरू लागतात, घसरल्याने आणखी झिजतात आणि उरलासुरला प्लेही जातो. नीट वापरलेल्या गाडीच्या प्लेटा तीस हजार किलोमीटर सहज जातात. त्या चार हजारांत गेल्या असतील तर आधी इथेच बघायला हवं.

प्ले नसेल तर लिव्हरजवळचं रबर मागे सारा, लॉकनट सैल करा, अॅडजस्टर आत फिरवून प्ले आणा आणि लॉकनट पुन्हा घट्ट करा. मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये 40 च्या वेगाला एकदम अॅक्सिलरेटर पिळा. क्लच धड असेल तर आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा आणि वेग बरोबरीने, सावकाश चढतात. काटा उडी मारून वर गेला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय. ही चाचणी एकदा, फार तर दोनदा करा. प्रत्येक वेळी प्लेटा तापतात, आणि तुम्हाला पुरावा हवाय, नुकसान नको.

प्ले दिल्यावर घसरणं थांबलं तरी सर्व्हिस सेंटरला जा आणि ते जॉबकार्डवर नोंदवून घ्या. थांबलं नाही तर क्लच उघडावाच लागेल. त्या वेळी जॉबकार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'क्लच प्रॉब्लेम' एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. असं लिहा: "4,200 किमी. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चढावर रेस वाढते, वेग वाढत नाही. अॅडजस्ट करण्याआधी लिव्हरचा प्ले शून्य होता. ऑइल कंपनीच्याच सर्व्हिसमध्ये अमुक तारखेला बदललं." तारीख, रीडिंग आणि सही हवीच, प्रत तुमच्याकडे. खाली आणखी एक ओळ घाला: क्लच उघडताना मला बोलवावं, काढलेल्या प्लेटा दाखवाव्यात.

आता त्या प्लेटा टेबलावर आल्या की काय बघायचं ते सांगतो, कारण सगळा वाद इथेच सुटतो. लायनिंगच्या प्लेटा चार ते सहा असतात आणि त्यांच्या मधे स्टीलच्या. लायनिंगच्या प्लेटेची जाडी व्हर्निअरने तीन-चार ठिकाणी मोजायला सांगा. अनेक लहान इंजिनांत नवी प्लेट 3 मिलिमीटरच्या आसपास असते आणि 2.6 च्या खाली गेली की बाद. तुमच्या मॉडेलची मर्यादा सर्व्हिस मॅन्युअलात असते, ती दाखवा म्हणा. सगळ्या प्लेटा सारख्या पातळ, स्टीलवर निळे-तपकिरी डाग, ऑइलला करपट वास: ही घसरून झालेली झीज. पण लायनिंगची जाडी मर्यादेत आहे आणि एखाद्या प्लेटेवरचे तुकडे पत्र्यापासून सुटून आलेत, खालचा पत्रा उघडा पडलाय, तर चिकटवणीच गेलेली आहे. हा बनावटीतला दोष म्हणून मांडता येतो. प्लेटा धड आणि स्प्रिंगा मर्यादेपेक्षा आखूड भरल्या, किंवा चारांतली एकच आखूड निघाली, तरी तेच. क्लच सोडवणारी दांडी अडकून परत येत नसेल तर प्लेटा जळणारच, पण मूळ दोष दांडीचा.

वॉरंटीच्या पुस्तिकेत प्लेटा, ब्रेक शू, केबल यांना सहसा झिजणारे भाग म्हणून वगळलेलं असतं, हे खरं. पण 'प्लेटा वगळल्या आहेत' याचा अर्थ 'क्लचच्या कुठल्याही बिघाडाला वॉरंटी नाही' असा होत नाही. झीज असेल तर खर्च तुमचा. दोष असेल तर त्यांचा. कुठलं ते मापांवरून ठरू द्या. पहिल्या सर्व्हिसच्या जॉबकार्डवर 'क्लच तपासला' अशी खूण आहे आणि आज प्ले शून्य निघतो, तर ती सर्व्हिसमधली कसूर असू शकते. वॉरंटीच्या वादात न शिरता तोही मुद्दा मांडा. अशा वेळी पुष्कळ डीलर मजुरी सोडतात किंवा 'गुडविल' म्हणून कंपनीकडे प्लेटांची मागणी पाठवतात. मागितल्याशिवाय ते मिळत नाही.

प्रश्न : मी खरंच हाफ क्लचवर चालवतो का, हे कसं ओळखायचं? (औंध)

उत्तर : चालताना डाव्या हाताची बोटं लिव्हरवर टेकलेली असतील तर हो. बोटांच्या वजनानेच प्ले संपतो. सिग्नलला चढावर ब्रेक न दाबता क्लच-अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं, हे दुसरं. त्याने अर्ध्या मिनिटात प्लेटा जेवढ्या तापतात तेवढ्या दिवसभराच्या गिअर बदलण्याने तापत नाहीत. तिसरं, दुसऱ्या गिअरमध्ये उठवणं. रांगेत पुढच्या गाडीमागे बोटभर सरकत राहण्यापेक्षा दोन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग पहिल्यात, लिव्हर पूर्ण सोडून जा.

प्रश्न : नाना पेठेतून चांगलं, महागडं सिंथेटिक ऑइल आणून घातलं. दुकानदार म्हणाला, कारला हेच जातं. दोन दिवसांत क्लच घसरायला लागला. प्लेटा गेल्या का? (सदाशिव पेठ)

उत्तर : बहुधा गेल्या नाहीत, पण त्या ऑइलवर चालवत राहिलात तर जातील. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि गिअरबॉक्सही त्याच ऑइलवर चालतो. कारचा क्लच कोरडा, वेगळ्या डब्यात. त्यामुळे कारच्या ऑइलमध्ये इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्यं घालता येतात. तीच द्रव्यं तुमच्या प्लेटांच्या लायनिंगवर बसतात आणि प्लेटा निसटू लागतात.

डब्याच्या मागे 'जासो' (जपानी मानक) असं लिहिलेली छोटी चौकट शोधा. त्यात 'एमए' किंवा 'एमए2' असेल तरच ते ओल्या क्लचच्या मोटरसायकलीला चालतं. एमए2 मध्ये पकड जास्त. 'एमबी' लिहिलेलं ऑइल स्कूटरचं, मोटरसायकलीत घालू नका. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या गोल शिक्क्यात खालच्या अर्ध्या भागात 'रिसोर्स कन्झर्विंग' किंवा 'एनर्जी कन्झर्विंग' दिसलं तर तो डबा परत ठेवा. 10डब्ल्यू30 की 20डब्ल्यू50 ही जाडीची बाब वेगळी, ती मॅन्युअलप्रमाणे. जाडी बरोबर आणि जासो चुकीचा असं सर्रास होतं, आणि दुकानात फक्त जाडीच विचारली जाते.

आता काय करायचं: इंजिन कोमट असताना ऑइल पूर्ण काढा, फिल्टर बदला किंवा जाळी धुवा, एमए2 घाला. दोन-तीनशे किलोमीटर हळू चालवा आणि तेही बदला. पहिल्या बदलात जुनं ऑइल थोडंफार आत राहतंच, म्हणून दुसरा बदल. हजार-बाराशे रुपये जातील खरे, पण क्लच उघडण्यापेक्षा स्वस्त. प्लेटा करपलेल्या नसतील तर पकड बहुतेक परत येते. नाही आली तर प्लेटा काढून बघाव्या लागतील. गाडी वॉरंटीत असेल तर कुठल्या ऑइलवर ती चालली याचं बिल कंपनी मागू शकते, म्हणून एमए2 च्या डब्याचं बिल जपा.

प्रश्न : सिग्नलला न्यूट्रल लागत नाही. पहिल्यात टाकताना खाडकन आवाज येतो. क्लच पूर्ण दाबला तरी गाडी पुढे रेटते. मेकॅनिक म्हणतो प्लेटा बदला. (कोथरूड)

उत्तर : ही पहिल्या प्रश्नाच्या नेमकी उलट तक्रार आहे. तिथे क्लच धरत नव्हता, इथे सुटत नाही. सुटत नसणाऱ्या क्लचवर नव्या प्लेटा हा पहिला उपाय नाही.

आधी प्ले मोजा. तो 30-35 मिलिमीटर निघाला तर लिव्हरची निम्मी ओढ सैलपणातच जाते आणि प्लेटा पुऱ्या सुटत नाहीत. वरचा अॅडजस्टर बाहेर फिरवून प्ले कमी करा. तो आधीच निम्म्याहून जास्त बाहेर आलेला असेल तर त्याला पूर्ण आत घाला आणि इंजिनाजवळच्या खालच्या अॅडजस्टरवर प्ले घ्या, नाहीतर वरच्याचे आटे उघडे पडून तो मोडतो. काही इंजिनांवर क्लच दांडीला बाण आणि इंजिनाच्या आवरणावर खूण असते. केबल ताणात घेतल्यावर त्या जुळल्या पाहिजेत. कधीतरी दांडी काढून एक दाता पुढे-मागे बसवलेली असते आणि मग कितीही प्ले बदला, न्यूट्रल लागत नाही.

केबलही बघा. लिव्हरपाशी तारेचे एक-दोन धागे तुटून उभे राहिलेले दिसतात का? हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवल्यावर लिव्हरचा प्ले बदलतो का? बदलत असेल तर केबल चुकीच्या वाटेने नेलेली आहे, टाकीखाली किंवा हँडलपाशी दबते. त्यानंतर आयडलिंग, म्हणजे अॅक्सिलरेटर सोडलेला असतानाचा इंजिनाचा वेग. अनेक लहान गाड्यांचं ते 1,400 आरपीएमच्या आसपास ठरवलेलं असतं. ते 1,900-2,000 वर ठेवलं तर न्यूट्रल अडणारच.

एवढं सगळं बरोबर असून गाडी रेटतच असेल तर झाकण उघडा. स्टीलच्या प्लेटा एकेक करून जाड काचेवर ठेवा, टेबलावरची काच चालते. कडेला बोटाने टेकवल्यावर प्लेट डुगडुगली तर वाकलेली आहे. फीलर गेजची 0.2 मिलिमीटरची पट्टी खालून सरकली तर अनेक लहान इंजिनांत ती बाद धरतात. मग क्लच हाउसिंग हातात घ्या, म्हणजे प्लेटांचे कान ज्या खाचांत सरकतात तो बाहेरचा डबा. खाचेच्या कडेवरून नख वरून खाली ओढा. नख ठिकठिकाणी अडलं, कडेवर पायऱ्या पडलेल्या लागल्या, तर प्लेटा त्या पायऱ्यांत अडकतात आणि लिव्हर दाबली तरी वेगळ्या होत नाहीत. नव्या प्लेटा घातल्या तरी त्याच खाचांत अडकतील. उथळ खुणा बारीक कानशीने साफ करता येतात. खोल असतील तर हाउसिंग बदलायचं. गाडी वॉरंटीत आणि कमी चाललेली असेल तर हाउसिंगवरच्या खोल खाचा हा धातूचा प्रश्न असू शकतो. त्यांचा फोटो काढून ठेवा.

थंडीत सकाळी पहिल्यांदा पहिल्यात टाकताना होणारा 'खट्ट' आवाज मात्र दोष नाही. रात्रभर प्लेटांमधलं ऑइल घट्ट होऊन त्या एकमेकींना चिकटतात. सुरू करण्याआधी पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी दोनदा पुढे-मागे ढकला, सुटतात. आणि रोजच्या वापरात न्यूट्रल गाडी पूर्ण थांबण्याआधी, चाकं फिरत असतानाच टाका.

प्रश्न : मे महिन्यात ओळखीच्या गॅरेजमध्ये क्लच प्लेटा बदलल्या. तेव्हापासून उठताना गाडी थरथरते, धक्के देत जाते. (हडपसर)

उत्तर : बसवताना काहीतरी राहिलं आहे. नव्या लायनिंगच्या प्लेटा बसवण्याआधी त्याच इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवाव्या लागतात, काही तास, शक्यतो रात्रभर. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत पृष्ठभाग करपून चकचकीत होतो, आणि त्यानंतर तो एकसारखा धरत नाही. गॅरेजमध्ये घाईत हे टाळलं जातं. जुन्या निळ्या पडलेल्या स्टील प्लेटांबरोबर नवी लायनिंग घातली तरी असंच होतं. 'फक्त लायनिंगच्या बदलल्या' असं बिल असेल तर स्टीलच्या मोजल्या होत्या का, ते विचारा.

स्टीलची प्लेट पत्र्यातून छाटलेली असते, त्यामुळे तिची एक कड धारदार आणि दुसरी गोलसर असते. सगळ्या एकाच बाजूला तोंड करून बसवायच्या. स्प्रिंगांचे बोल्ट साधारण 10 ते 12 न्यूटन-मीटरवर, फुलीच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे घट्ट करायचे. एक बोल्ट पूर्ण आवळून मग पुढचा घेतला तर प्रेशर प्लेट तिरकी बसते किंवा बोल्टचा खांब मोडतो. स्प्रिंगा नेहमी संचाने बदलायच्या.

पुन्हा उघडायला लावणार असाल तर पुढचं काम डोळ्यांसमोर होऊ द्या. उजव्या बाजूला क्लच असलेल्या गाडीला साइड स्टँडवर डावीकडे झुकवून उघडलं तर ऑइल कमी सांडतं, म्हणून बरेच मेकॅनिक ऑइल न काढताच काम करतात. पण धक्के देणाऱ्या क्लचमधून सुटलेलं लायनिंग त्याच ऑइलमध्ये फिरत असतं, ते काढून टाकायला हवं. झाकणाचं पॅकिंग नवं घाला. जुनं सोलून त्यावर सिलिकॉन चोपडलं तर आत गेलेले तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात. प्लेटा बदलायला मधला मोठा नट बऱ्याच गाड्यांत काढावा लागत नाही. काढावा लागला तर त्याचा होल्डर मागवायला सांगा. छिन्नी-हातोड्याने उघडलेल्या नटाच्या कडा मोडतात आणि पुढच्या वेळी हब, म्हणजे क्लचचा मधला भागच, बदलावा लागतो.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं, गाडी रात्रभर सीटपर्यंत बुडाली. आता क्लच सुटतच नाही. वॉरंटीत दुरुस्त होईल? (सिंहगड रस्ता)

उत्तर : वॉरंटीत नाही. पाण्याचं नुकसान वॉरंटीचं नसतं. पण सर्वंकष विमा असेल तर पुराचं नुकसान त्यात येतं. नुसता थर्ड पार्टी असेल तर नाही. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की नदीकाठच्या सोसायट्यांत हे पुन्हा होणार, म्हणून क्रम सांगतो. पाणी ओसरल्यावर बटण दाबायचं नाही आणि किकही मारायची नाही. इंजिनात पाणी असताना सुरू केलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि सुरू केल्यामुळे झालेलं नुकसान विमा कंपन्या अनेकदा नाकारतात. गाडी जिथे आहे तिथे पाण्याच्या खुणेसकट फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि उचलून न्या.

ऑइल दुधासारखं झालं असेल तर पाणी आत गेलं आहे. ते काढून नवं घालून थोडं चालवून पुन्हा काढावं लागतं, दोनदा किंवा तीनदा, दुधाळपणा जाईपर्यंत. तुमच्या गाडीत ते उशिरा झालं असावं. पाण्याने स्टील प्लेटा गंजतात, लायनिंग फुगतं आणि दोन्ही एकमेकींना चिकटून बसतात. नुसत्या ऑइलने आता सुटायच्या नाहीत. क्लच उघडून सगळ्या प्लेटा बदला, आणि केबलही, कारण तिच्या आत गंज आला असणार.

प्रश्न : तीच क्लचची तक्रार घेऊन तीनदा गेलो. दोनदा 'अॅडजस्ट केला' म्हणून परत दिली. तिसऱ्यांदा वॉरंटी नाही म्हणाले, पण लिहून द्यायला तयार नाहीत. पुढे काय? (पिंपरी)

उत्तर : तीन जॉबकार्डं हातात असतील तर तुमची बाजू आधीच भक्कम आहे. पहिल्या दोन भेटींत वॉरंटीचा नकार नव्हता आणि दोष तोच होता, हे त्यांच्याच कागदावर आहे. जॉबकार्डं नसतील तर त्या तारखांची नोंद, बिलं, मेसेज, गेट पास, जे असेल ते गोळा करा.

लेखी नकार देत नाहीत तर तुम्हीच लिहा. डीलरच्या ई-मेलवर आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला एकत्र: चेसिस नंबर, खरेदीची तारीख, तीन भेटींच्या तारखा आणि रीडिंग, दर वेळी काय केलं आणि त्यानंतर किती किलोमीटरांत तक्रार परत आली. शेवटी नेमकी मागणी: क्लच उघडून कारणासह लेखी अहवाल द्यावा आणि दोष निघाल्यास विनाशुल्क दुरुस्ती करावी. उत्तरासाठी पंधरा दिवस. रागाचं एकही वाक्य नको. हे पत्र पुढे ग्राहक आयोगापुढे वाचलं जाऊ शकतं.

उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक 1915. तिथे तक्रार कंपनीकडे पाठवली जाते आणि लहान रकमांची बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय दुसऱ्या राज्यात असलं तरी तिकडे जायची गरज नाही. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मोटरसायकल त्यात बसते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते, ती ऑनलाइनही करता येते, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. डीलर आणि उत्पादक दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तपासणीशिवाय दोष ठरवता येणार नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणूनच काढलेल्या प्लेटा महत्त्वाच्या. वॉरंटीत बदललेले भाग कंपनी परत घेते, पण पैसे देऊन बदललेले भाग तुमचे. पिशवीत बांधून, तारीख घालून घरी ठेवा.

एक सांगायला हवं. कायद्यात तीन महिन्यांची मुदत आहे, तपासणी लागली तर पाच, पण प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. तीन हजारांच्या प्लेटांसाठी आयोगापर्यंत जायचं की नाही हे तुम्ही ठरवा. हाउसिंग किंवा हबच दोषी असेल आणि तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल तर जरूर जा.

प्रश्न : कात्रजच्या जुन्या घाटात क्लच केबल तुटली तर घरी कसं यायचं? (धनकवडी)

उत्तर : घाटात, चढावर प्रयत्न करू नका, आधी कडेला घ्या. उतार किंवा सपाटी असेल आणि रहदारी कमी असेल तर न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करा, पायांनी ढकलत चालण्याच्या वेगात आणा आणि पहिला गिअर टाका. एक झटका बसेल. पुढचे गिअर टाकताना पायाने गिअरच्या लिव्हरवर हलका दाब ठेवून अॅक्सिलरेटर क्षणभर सोडा, गिअर आपोआप सरकतो. थांबायच्या आधी, चालत्या गाडीतच न्यूट्रल टाकावं लागतं, म्हणून सिग्नल लांबूनच हेरा. हे मुक्कामापर्यंत पोचण्यापुरतं, रोज करायचं नाही.

त्यापेक्षा केबल शंभर-दोनशे रुपयांत मिळते तेव्हाच नवी घ्या. जुनी काढायच्या आधी नवी तिच्या शेजारून, त्याच वाटेने ओवा आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टीने बांधून ठेवा. नवीच्या टोकांवर प्लास्टिकच्या टोप्या घाला, पाणी आत जात नाही. जुनी तुटेल त्या दिवशी वरचं टोक लिव्हरमध्ये, खालचं दांडीत अडकवलं आणि प्ले घेतला की दहा मिनिटांत गाडी चालू.